खडखडे मिस्त्री

दाजी,

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. विहारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झालं, खीरदान झालं आणि मग भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्यानं तुम्हाला देवमाणूस करून टाकलं. विहारात बसून 'देव' म्हणू नये हे शेजारच्यानं कोपर मारून सांगितलं, तेव्हा त्यानं घाईघाईनं 'थोर माणूस' अशी दुरुस्ती केली. दुसरा म्हणाला, तुमच्या तोंडून कधी वाकडा शब्द बाहेर पडला नाही. सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नसे तेव्हा तुम्ही त्याच्या आईबापाचा जो उद्धार करायचात, तो या गृहस्थानं ऐकलेला नसणार. मी आणि आक्का खाली मान घालून बसलो, हसू दिसू नये म्हणून.

मग तिसरा उठला. म्हणाला, "मिस्त्री म्हंजे सोन्यावाणी माणूस. आता टाकी तेवढी त्यांना जन्मात नीट बसवता आली न्हाई, ती गोष्ट येगळी." सगळा विहार हसला. मागून दोघं-तिघं 'खडखडे मिस्त्री' म्हणाले, अगदी प्रेमानं म्हणाले. मीही हसले. चाळीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडतं. आक्का मात्र हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि समोर लावलेल्या मेणबत्तीकडे बघत राहिली.

दाजी, ती टाकी कधी हललीच नव्हती, हे माहीत असलेली मी आता एकटीच उरले. हे कोणाला सांगायचं नाही, आक्काला तर मुळीच नाही, असं वचन तुम्ही माझ्याकडून घेतलं होतं. कालपासून एकच विचार चालला आहे, की ते पाळायचं की मोडायचं. म्हणून सकाळी सकाळी वही घेऊन बसले. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला कधी काही ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही नाही म्हणून ही सवय सुटेल असं वाटत नाही.

आठवतं का, लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि आपली कागदं अजून सवयीनं उस्मानाबादला जाऊन फिरून परत यायची. बायका 'लातूरला जिल्हा आला' म्हणायच्या, एसटी आली म्हणतात त्या सुरात. जिल्हा आला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळही आला. कंधारहून येऊन तुम्ही देवणीत वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं, पण असल्या वर्षात गेट आणि खिडक्या कोण करून घेणार? मग तुम्ही एका मालकाच्या ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी ओढायला लागलात. चालवायचं तुम्ही आणि मोडलं की जोडायचंही तुम्हीच. मी तुमच्याच घरी राहायची. प्राथमिक शाळेवर नुकती लागले होते, आणि शाळा नेमकी त्या गावात होती जिथं तुमची सकाळची पहिली खेप जायची. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मास्तरीण, त्यांची पोरं आता चांगली हायती, काऊन नाव घालून राहिली?"

तर रोज सकाळी मी तुमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शाळेला जायची. एका हातात डबा, एका हातात छत्री, आणि तोंड सबंध रस्ताभर चालू. मेहुणीचा हक्कच असतो तो. एकदा मी म्हटलं, "दाजी, याच्यापेक्षा देवणीचा बैल मला लवकर पोचवील." तुम्ही पुढं बघतच म्हणालात, "मग बैलासंगंच लगीन लावून देतो तुझं. शाळेला बी येळेवर जाशील आन् घरात भांडायला बी कुणी ऱ्हाणार न्हाई." आक्काला ते संध्याकाळी सांगितलं तर ती आठवडाभर मला बैलाच्या नावानं चिडवत होती.

त्या गावाची रचना तुम्हाला सांगायला नको, पण हे दुसरं कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. गावात शिरताना आधी आपल्या लोकांची वस्ती, रस्त्याला लागून, सपाटीवर. तिथून पुढं उभा चढ, आणि चढाच्या माथ्यावर गावाची विहीर. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि बायकांनी दोर लावून ते पाणी पुन्हा वर ओढायचं, अशी पद्धत. सगळं गाव ओढून घ्यायचं. वस्तीच्या बायका बाजूला घागरी मांडून बसायच्या, आणि त्यांची पाळी येईपर्यंत विहिरीत चिखल उरायचा. 'तुम्ही ओढू नका' असं तोंडानं कोणी म्हणत नव्हतं. तोंडानं म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. 'जरा थांबा' एवढंच म्हणायचे, आणि ते थांबणं दुपारपर्यंत चालायचं.

एके दिवशी वस्तीच्या समोरच टाकीची बैठक तुटली. मालकानं टाकी चारी कोपऱ्यांना थेट ट्रॉलीवर वेल्डिंग करून घेतली होती. कुठं तडा गेला की त्यावर आणखी एक लोखंडी पट्टी मारायची, पुन्हा गेला की आणखी जाड पट्टी. त्या दिवशी मागचा कोपरा कडकन सुटला आणि टाकी एका अंगाला कलली. मी मडगार्डवरून अशी उडी मारली की डबा एकीकडे आणि मी एकीकडे. तुम्ही खाली उतरलात, वाकून बघितलं आणि वस्तीकडे तोंड करून ओरडलात, "घागरी आणा! टाकी रिकामी केल्याबिगर जोडता येत न्हाई." बायका धावल्या. घागरी भरल्या, हंडे भरले, कोणी परात भरली, एकीनं चुलीजवळचं मडकंसुद्धा आणलं. गावातून माणसं खाली आली, पण तुटलेल्या टाकीशी कोण भांडणार?

टाकी दुकानात नेऊन तुम्ही दोन दिवस खपलात. मी शाळेतून आले की शेजारी पोत्यावर बसून बघायची. तुम्ही आधीचं सगळं वेल्डिंग तोडून काढलंत. मला समजावून सांगितलंत, की खड्ड्यातून जाताना ट्रॉली पिळवटते, टाकी पिळवटत नाही, म्हणून जोड फाटतो. मग बाभळीचे चार ठोकळे टाकीच्या गोलाईबरहुकूम तासलेत, त्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलंत, टाकी त्यावर अलगद बसवलीत आणि वरून दोन लोखंडी पट्टे आवळून बोल्ट मारलेत. "गाडीला हलायचं तर हलू दे. टाकी तिच्यासंगं डुलंल, पण सुटायची न्हाई." शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर तुम्ही टाकीला थोपटलंत, म्हशीला थोपटतात तसं. तुमच्या तोंडावर तेव्हा जे समाधान होतं ते मी पुढं फार कमी वेळा पाहिलं. असलं काम तेव्हा उदगीरपर्यंत कोणाला येत नव्हतं, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकते.

तिसऱ्या दिवशी आपण निघालो. टाकी भरलेली, आवाज नाही, हादरा नाही. वस्तीजवळ आलो तर बायका रस्त्याच्या कडेला घागरी घेऊन उभ्या. त्या दिवशी मिळालं म्हणून आजही मिळेल, असं त्यांना वाटलं असणार. आपला ट्रॅक्टर त्यांच्यासमोरून गेला आणि चढाला लागला. तेवढ्यात गयाबाईचा आवाज आला. साठीची, हातात दोन घागरी, पायात काही नाही. चिडून नव्हती बोलली, साधंच विचारलं तिनं: "मिस्तरी, काऊन एवढ्या लवकर नीट केली हो टाकी?"

तुम्ही ट्रॅक्टर तसाच पुढं नेलात. पण चढावर ट्रॅक्टरला शिवी दिली नाहीत, तेव्हाच मला कळलं की काहीतरी डोक्यात चाललंय.

दुसऱ्या दिवशी टाकी खडखडायला लागली. अशी, की शाळेच्या आवारातली पोरं खेळ सोडून बाहेर पळाली. मी घाबरून म्हटलं, "दाजी, थांबा, सुटतीय ती!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बस गप." सरपंच आण्णा खाली उतरून आले.

"मिस्त्री, हे काय वाजून राहिलं?"

"बैठक कच्ची पडली आण्णा."

"परवाच नीट केली म्हणलात की."

"केली होती. न्हाई जमली."

दाजी, हे दोन शब्द तुम्ही इतक्या सहज बोललात. नंतर ते तुम्हाला जन्मभर पुरले.

"आता भरली टाकी चढावर न्हेली आन् मागं घसरली, तर खाली बायापोरं असत्यात," तुम्ही पुढं म्हणालात. "आधी सपाटीवर पन्नास-साठ घागरी कमी करतो, मग वर चढवतो."

"सपाटीवर म्हंजे कुठं?"

"तुम्ही दावाल तितं. फकस्त सपाट पाहिजे."

आण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्या गावात सपाट जागा एकच होती आणि तिथं गयाबाई घागरी घेऊन उभी होती. मग ते खाली वाकले, टाकीच्या बुडाशी बराच वेळ काहीतरी बघितलं, उठून धोतर झटकलं आणि म्हणाले, "बरं. करा हलकी." त्यांना कळलं होतं का? मी तुम्हाला शंभरदा विचारलं. तुम्ही दर वेळी म्हणालात, "ते त्येलाच ठावं."

परत येताना ओढ्याजवळ ट्रॅक्टर थांबवून तुम्ही मला दाखवलंत. पट्ट्याच्या खाली पत्र्याचा एक तुकडा अडकवलेला, ढिला. खडखडत होता तो पत्रा. टाकी जागची केसभरही हलली नव्हती. "बोल्ट म्या ढिला करणार न्हाई," तुम्ही म्हणालात. "बोल्ट ढिला केला तर माणूस मरतंय. आवाजानं कुणी मरत न्हाई." मला इतकं हसू आलं की मी ओढ्याच्या वाळूत बसले. तिथंच तुम्ही वचन घेतलंत. आक्काला का नाही, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. ती बोलली असती तर दुसऱ्या दिवशी पत्रा निघाला असता आणि टँकर सरळ वर गेला असता.

हसू ओसरल्यावर मी भांडायला लागले, ते अजून भांडतेच आहे. मी म्हटलं, हे पाणी आपलं हक्काचं आहे, मग ते मोडक्या टाकीची दया म्हणून का घ्यायचं? तुम्ही लोखंडाची लबाडी करून पाणी दिलंत, पण विहीर त्यांच्याकडेच राहू दिलीत. आता जिल्हा जवळ आलाय, मी लातूरला अर्ज देणार. तुम्ही म्हणालात, "दे की. तुझा अर्ज पोचूस्तोर माझी टाकी वाजंल."

मी अर्ज दिला. एसटीनं लातूरला जाऊन, हातात नेऊन दिला. आणि दाजी, खरंच एक साहेब पाहणीला आले. नेमके सकाळच्या खेपेला आले. टँकर खडखडत आला, वस्तीवर थांबला, बायकांनी घागरी भरल्या, साहेबांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात मला उत्तर आलं: सदर गावी टँकरचे पाणी प्रथम वस्तीवरच वाटले जात असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले, सबब तक्रारीत तथ्य नाही. माझा अर्ज तुम्ही खोटा पाडलात! मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. एसटीनं शाळेला गेले आणि आठही दिवस उशिरा पोचले. नवव्या दिवशी मुकाट्यानं येऊन मडगार्डवर बसले. तुम्ही फक्त म्हणालात, "बैल बी चुकला वाटतं तुझा."

"गयाबाईला इचार, तिला आधी काय पाहिजे," हे तुमचं ठरलेलं उत्तर. मी म्हणायची, "गयाबाईला दोन्ही पाहिजे." मग तुम्ही म्हणायचात, "हाव. ते बी खरं हाय." असं म्हणणाऱ्या माणसाशी नीट भांडताही येत नाही. ती विहीर पुढं बऱ्याच वर्षांनी सगळ्यांची झाली, पण तोवर गावात नळ आले होते आणि विहिरीत शेवाळं होतं.

टाकी दोन उन्हाळे खडखडली. आज ना उद्या पडणारी टाकी दोन वर्षं पडली कशी नाही, हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला नाही. मात्र 'खडखडे मिस्त्री' हे नाव पंचक्रोशीत पसरलं. ट्रॉली, नांगर, ट्रॅक्टरचा हुक असलं जोखमीचं काम तुमच्याकडे यायचं थांबलं. ज्याला टाकी बसवता येत नाही त्याच्या हाती ट्रॉली कोण देणार, आणि त्यांचं तरी काय चुकलं? तुम्ही उरलेला जन्म खिडकीच्या जाळ्या, कपड्यांचे दांडे आणि फाटकावरचे मोर करत काढलात. मोर सुरेख करायचात. पण ते तुमचं काम नव्हतं, दाजी. तुमचा हात अवजड कामाचा होता. ते मी बघितलं होतं आणि मी गप्प बसले.

गप्पसुद्धा कुठं बसले? कुणाला संशय येऊ नये म्हणून लग्नाकार्यात सगळ्यांत आधी मीच तुमची थट्टा करायची. "दाजी वाढायला नकोत हं, ताट वाजतं." मांडव हसायचा, तुम्हीही हसायचात. एकदा मात्र आक्काची भांड्यांची लोखंडी मांडणी तुटली. तुम्ही घरात जेवत बसला होता आणि तिनं ती रिक्षात घालून उदगीरला दुसऱ्या वेल्डरकडे नेली. तुम्हाला कमी लेखायचं म्हणून नाही, तुमच्याकडून पुन्हा बिघडलं तर तुम्ही ओशाळाल म्हणून. तुम्ही मान वर केलीत, मांडणी जाताना बघितलीत आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडलात. त्या दिवशी मी ओरडून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, याचा मला आज फार त्रास होतो.

नंतरही मी कितीदा म्हटलं, आता सांगूया. टँकर गेला, आण्णाही गेले, आता काय हरकत आहे? तुम्ही म्हणायचात, "आन् पुढच्या दुष्काळाला काय करशील? एक जुगाड शिल्लक असू दे." लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आपण टीव्हीसमोर बसलो होतो. सगळे हळहळत होते, आणि तुम्ही त्या वाघिणींवरच्या टाक्यांची बैठक बारकाईनं बघून माझ्या कानात म्हणालात, "मास्तरीण, यातली एक बी वाजंना गं. सपाटीवाल्यांचं कसं व्हायचं?" मी हसून हसून बेजार झाले आणि आक्का चिडली, की लोक पाण्याला मरतायत आणि या दोघांना हसू सुचतंय. तिला काय सांगणार होते मी?

त्या दोन उन्हाळ्यांत वस्तीच्या बायका दुपारपर्यंत बसल्या नाहीत. माझ्या वर्गातल्या वस्तीच्या मुली प्रार्थनेच्या वेळेला शाळेत हजर असायच्या, केस ओले करून, भांग पाडून. त्यातली एक आज उदगीरला नर्स आहे. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भांडणात तुमची बाजू वरचढ झाली असती. आता सांगते. घ्या, जिंका. पण हक्काचं पाणी हक्कानंच घ्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही.

इथवर लिहिलं आणि आक्का चहा घेऊन आली. म्हणाली, "काय लिहून राहिलीस सकाळपासून?" मी वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि तिला पहिल्यापासून वाचून दाखवली. दाजी, वचन मोडलं. रागवायचं तर रागवा.

 चहा निवला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजे टाकी हलत नव्हती?"

"नव्हती."

"बोल्ट?"

"घट्ट होते."

"आन् तू मांडवात सगळ्यांदेखत त्यांची चेष्टा करायचीस, तवा तुला हे ठावं होतं?"

"होतं."

तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की या वयात मला आई आठवली. मग निवलेला चहा बाजूला सारला. मला वाटलं, आता चिडेल, तुमच्यावर चिडेल, चाळीस वर्षं तिला बाहेर ठेवलं म्हणून चिडेल.

"लोक काय बी म्हणायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, नसंल येत काम, माणूस तर माझा हाय. त्येवढ्यावर म्या दिस काढले गं, आन् सुखानं काढले." तिनं नाक पुसलं. "इतके दिस नवऱ्यासाठी रडले. आता मिस्त्रीसाठी पुन्यांदा सुरू करावं लागंल."

असं म्हणाली, आणि दाजी, खरंच सुरू केलं.